दोन हजेरीपट: मारकुटा मुलगा, शहाणी मुलगी आणि सोलापुरातलं एक घर

(नावं बदलली आहेत. कुटुंब ओळखू येईल असे कामाचे, वस्तीचे आणि वयाचे काही तपशीलही मुद्दाम हलवले आहेत. हे प्रकरण हाताळणाऱ्या कार्यकर्तीसोबत बसून, तिच्या नोंदी वाचून आणि रेणुकाच्या संमतीने मी ते लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

रेणुका तिशी ओलांडलेली. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. घर सासूच्या नावावर. सासूचा जन्म विड्या वळण्यात गेला आणि त्यातूनच ते घर मिळालं. रेणुकाही लग्नानंतर विडीलाच बसली: सूप मांडीवर, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, दिवसाआड कारखान्यात माल द्यायला जायचं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रातपाळी. ही पाळी लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं.

मुलं दोन. अंबिका आठवीत, नागेश चौथीत.

मारहाण लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून होती. मजुरीचे पैसे काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, शेजारणीशी बोलली तर संशय, हेही होतं. नवरा प्यायचा, पण फक्त पिऊनच मारायचा असं नाही. वस्तीत सगळे म्हणायचे, ‘दारू सुटली की नीट होईल.’ रेणुकालाही तसंच वाटायचं. कार्यकर्तीने तिला एकदा विचारलं, ‘पिऊन कारखान्यात गेल्यावर मुकादमाला कधी मारलंय का त्यांनी?’ रेणुका बराच वेळ गप्प बसली आणि मग दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली. पण दारूचं कारण तिने त्यानंतर पुन्हा पुढे केलं नाही.

शाळेत काय दिसत होतं

तक्रार आली ती नागेशची. मधल्या सुट्टीत मुलांना ढकलणं, बाकावरून खाली पाडणं, ‘काय बघलालास बे?’ म्हणत अंगावर जाणं. एकदा कंपासपेटी फेकून मारली. वर्गशिक्षिका बाईमाणूस, तिला तो म्हणाला, ‘तुम्हाला काय कळतंय, गप बसा.’ नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे वाक्य कुठून आलं असेल, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नाही. वर्गात तो पेंगायचा. खिडकीचं दार वाऱ्याने आपटलं की दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा. मुलं हसायची आणि मग मारामारी व्हायची.

घरी हाच मुलगा मांजरासारखा असायचा. सासू सांगायची, ‘आमचा नाग्या घरात कुणाला दिसत बी नाही.’

अंबिकाची तक्रार नव्हतीच. तिची शाळा वेगळी. तिथल्या मते गुणी मुलगी, वह्या नीटनेटक्या, आवाज नाही. मधूनमधून गैरहजर राहते, डोकं दुखतं म्हणते, एवढंच. तिच्यावर कुणी कागद केला नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात खोल जखम तिचीच होती आणि ती शहाणपणाच्या आड झाकली गेली.

पहिला निर्णय, जो उलटला

नागेशच्या शाळेने रीतीप्रमाणे केलं. डायरीत शेरा लिहिला, पालकांना बोलावलं. नवरा आला. शिक्षकांशी अदबीने बोलला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘लक्ष घालतो’ म्हणाला. शाळेचं समाधान झालं. त्या रात्री रेणुकाला मार बसला, कारण ‘पोराला वळण लावता येत नाही तुला.’ नागेश दाराशी उभा राहून ते बघत होता. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने आणखी एका मुलाचं नाक फोडलं. पुन्हा शेरा.

म्हणजे शाळेची प्रत्येक तक्रार घरात मारहाणीचं नवं निमित्त होत होती आणि त्या मारहाणीतून शाळेत नवी तक्रार तयार होत होती. शाळेच्या हेतूत खोट नव्हती. पण घराची चौकशी न करता ‘दोन्ही पालकांना घेऊन या’ म्हणणं किती महागात पडू शकतं, ते इथे दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्शाने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं आहे. कुठल्याही वर्गशिक्षकाच्या पटावर असा नागेश एकटा नसतो.

चित्र बदललं ते दोन हजेरीपटांमुळे

मुलांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेची कार्यकर्ती त्या शाळेत यायची. नागेशचं नाव तिच्याकडे ‘वर्तनसमस्या’ म्हणून आलं. तिने आधी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही. वर्गशिक्षिकेला एवढंच सांगितलं की भांडणाची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, डायरीत नको, तुमच्या वहीत.

काही आठवड्यांत दिसलं की भांडणं एका आठवड्यात भरभरून होतात आणि पुढच्या आठवड्यात जवळजवळ थांबतात. जास्त करून सकाळी, पहिल्या-दुसऱ्या तासाला. वडिलांची पाळी कळल्यावर उलगडा झाला. दिवसपाळीच्या आठवड्यात ते रात्री घरी असत. रातपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपत, तेव्हा घरात ‘शूऽ, पप्पा झोपलेत’ एवढाच नियम असे, पण रात्र शांत जायची.

मग तिने अंबिकाच्या शाळेतून गैरहजेरीच्या तारखा मागवल्या. त्याही दिवसपाळीच्याच आठवड्यांत. कारण रेणुकाने नंतर सांगितलं: मनगटाला किंवा बोटांना सूज आली की विडी वळता येत नाही. माल कमी गेला की मजुरी कमी, मजुरी कमी की पुन्हा भांडण. म्हणून त्या दिवशी अंबिका शाळा बुडवून आईच्या सुपावर बसायची. आईला लागल्याची नोंद कुठल्याच दवाखान्यात नव्हती. ती मुलीच्या हजेरीपटावर होती.

भेट कुठे घ्यायची

घरी जाणं धोक्याचं. शाळेत बोलावलं तर नवऱ्याला कळणार. रेणुका एकटी घराबाहेर पडते ती फक्त विडीचा माल द्यायला, म्हणून कार्यकर्ती तिला कारखान्याच्या वाटेवर भेटली. पहिल्या भेटीत मारहाणीचा विषयही काढला नाही. मुलांचं बोलणं झालं. तिसऱ्या की चौथ्या भेटीत रेणुका स्वतःच म्हणाली, ‘मॅडम, नाग्याला मीच मारते. ते उठायच्या आत मारते. मी मारलं तर दोन चापट्या. ते उठले तर मग कुणाकुणाला लागंल सांगता येत नाही.’

या एका वाक्याने कार्यकर्तीने ‘पालकत्वाचं प्रशिक्षण’ हा पहिला बेत बाजूला ठेवला. बाहेरून पाहिलं तर रेणुका आज ओरडणारी, उद्या लाड करणारी, ‘नाही’ म्हणून लगेच मोबाईल हातात देणारी आई दिसत होती. पण तिचं प्रत्येक वागणं एकाच हिशोबाने चाललं होतं: आत्ता आवाज होऊ द्यायचा नाही. मुलाला काय शिकवायचं याचा विचार करायला तिच्याकडे जागाच उरली नव्हती. अशा आईला ‘मुलांशी शांतपणे बोला’ सांगणं म्हणजे तिच्याच माथी आणखी एक दोष मारणं.

दुसरी गोष्ट कमी दिसणारी. नवरा मुलांना मारत नव्हता. उलट लाडच. पगाराच्या दिवशी खाऊ, सुट्टीत फिरायला नेणं, आणि बोलता बोलता, ‘तुझी आई येडी हाय, तिचं ऐकू नको.’ नागेश आईला हुबेहूब त्याच शब्दांत बोलायला लागला होता. आईचा शब्द घरात चालणार नाही अशी तजवीजच रोज होत होती. मग ती शिस्त लावणार कशाच्या जोरावर?

नागेशचं म्हणणं

मुलाशी बोलणं चित्रांपासून सुरू झालं. घर काढताना त्याने सगळ्यांना झोपलेलं दाखवलं आणि स्वतःला दारापाशी बसवलं. ‘तू का नाही झोपलास?’ यावर उत्तर आलं, ‘मी झोपलो की भांडण होतंय.’ तो रात्रभर पहारा द्यायचा. अंथरूणही ओलं करायचा, आणि ते कळू नये म्हणून अंबिका पहाटेच चादर धुवायची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे धुण्याचं पाणी कुठे गेलं यावरूनही एकदा भांडण पेटलं होतं.

सतत धोक्याच्या छायेत राहणाऱ्या मुलाचं शरीर सावधपणातून बाहेरच येत नाही. झोप उथळ होते, लक्ष आवाजाकडे आणि चेहऱ्यांकडे असतं, फळ्याकडे नसतं. मागून कुणाचा हात लागला तरी तो हल्ला वाटतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांच्या मोठ्या अभ्यासात ‘आईला होणारी मारहाण’ हा वेगळा प्रकार धरला होता, मुलाला स्वतःला मार बसला नसला तरी. ‘लेकरांना कधी हात लावला नाही’ हा बचाव आपल्याकडे फार ऐकू येतो, म्हणून हे इथे सांगितलं.

कोणते पर्याय होते

सगळे पर्याय रेणुकासमोर ठेवले गेले आणि तिने प्रत्येकाचा आपल्या परीने हिशोब केला.

समाजाची बैठक आधी एकदा झाली होती. नवऱ्याने चार माणसांत माफी मागितली, हमीपत्र लिहून दिलं, पुढचा महिना बरा गेला. ‘त्या कागदाचं काय करू, विड्या बांधू?’ असं तीच म्हणाली. पोलीस ठाण्यातही एकदा गेली होती. तिथे अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं.

फौजदारी गुन्ह्याचा मार्ग होता. बायकोचा छळ करणाऱ्या नवऱ्याविरुद्धचं पूर्वीचं कलम ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. पण अटक झाली तर घरातली मोठी मजुरी थांबेल आणि सासू कायमची विरोधात जाईल, ही तिची भीती खोटी नव्हती. माहेर अक्कलकोट तालुक्यात, भावाच्या संसारात. तिथे गेलं तर विडी कामगाराचं ओळखपत्र म्हणजे विडीचं कार्ड, भविष्य निर्वाह निधी आणि दोन्ही मुलांच्या शाळा सुटणार. सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, तात्पुरता आसरा मिळू शकतो हे तिला सांगितलं. तो तिने अगदीच जीवावर आलं तर, म्हणून बाजूला ठेवला.

उरला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा. हा मुळात दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो: मारहाण करू नये असा आदेश, घरात राहण्याचा हक्क, मुलांचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा. आदेश मोडला तरच गुन्हा, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘घर सासूचं आहे, माझा काय हक्क?’ हा तिचा सगळ्यात मोठा अडसर होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं आहे की घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी बाई तिथे नवऱ्यासोबत नांदत असेल तर ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं. हे कळल्यावर तिने निर्णय घेतला. निर्णय तिने घेतला, कार्यकर्तीने नाही, हे लिहिणं गरजेचं वाटतं. कारण जिचं सगळं आयुष्यभर दुसऱ्यांनीच ठरवलं त्या बाईला आणखी एका ‘मॅडम’ने ठरवून दिलं, तर त्यात बदल कसला?

काय केलं गेलं

अर्ज नंतर, सुरक्षितता आधी. बाई पाऊल उचलते तेव्हाच धोका सगळ्यात जास्त वाढतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, विडीचं कार्ड, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवले. १८१ (महिला मदत) आणि ११२ (पोलीस) हे क्रमांक मुलांकडून पाठ करून घेतले, १०९८ (मुलांसाठीची मदत) सुद्धा. मुलांना दोन गोष्टी सांगितल्या: भांडण सुरू झालं की मध्ये पडायचं नाही, सरळ शेजारच्या मावशींकडे जायचं, आणि आईला वाचवणं हे तुमचं काम नाही. दुसरी गोष्ट नागेशला पटायला फार वेळ लागला.

शाळेत तीन बदल झाले. डायरीतले शेरे बंद. नागेशची जागा भिंतीला लागून, जिथून दार दिसेल आणि मागे कुणी नसेल. चिडला की ‘वर्गाबाहेर जा’ऐवजी हजेरीचा कागद कार्यालयात पोचवायचं काम. मारलं की परिणाम मात्र ठरलेला, ज्याला मारलं त्याची माफी आणि खेळाचा तास गेला. घरी त्रास आहे म्हणून शाळेत मोकळीक, असं शिक्षिकेने केलं नाही आणि ते योग्यच केलं. नागेशला पहिल्यांदा असा माणूस मिळाला जो रोज सारखाच वागतो.

या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने न्यायालयासाठी घरगुती घटनेचा अहवाल, म्हणजे हिंसेची लेखी नोंद, तयार केली. दोन्ही शाळांच्या नोंदी सोबत जोडाव्यात का, यावर बरीच चर्चा झाली. पुरावा म्हणून त्या दमदार होत्या. पण त्या वडिलांच्या हातात पडल्या असत्या आणि ‘पोरानं शाळेत सांगितलं’ असा अर्थ काढला गेला असता. त्या जोडल्या नाहीत. अर्ज त्यामुळे थोडा लंगडा झाला, तरी माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळाला. स्त्रियांना हा मोफत असतो, उत्पन्न कितीही असो. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा. प्रत्यक्षात अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशालाच त्याहून जास्त वेळ गेला. त्या काळात रेणुका सासूच्या खोलीत मुलांसह झोपायची. सासू कधी सुनेच्या बाजूने बोलली नाही, कोर्टात तर नाहीच. पण रात्री खोलीची कडी ती आतून लावून घ्यायची.

काय झालं

अंतरिम आदेशाने मारहाण आणि घराबाहेर काढणं याला मनाई केली, मुलांसाठी दरमहा रक्कम ठरवली. नवरा आदेशानंतर स्वतःच बहिणीकडे राहायला गेला. पैसे कधी देतो, कधी चुकवतो.

मुलांचं वागणं लगेच सुधारलं नाही. नागेश आधी बिघडला. ‘तुझ्यामुळं पप्पा गेले,’ म्हणून आईच्या अंगावर धावला, शाळेत पुन्हा मारामाऱ्या. शाळेतून कुणीतरी म्हणालंच, ‘बाप होता तेव्हा बरं होतं.’ कार्यकर्तीला या वळणाची कल्पना होती आणि तिने रेणुकालाही आधीच सांगून ठेवलं होतं. बापावर चिडणं धोक्याचं असतं, आई सुरक्षित वाटायला लागली की राग तिच्यावर निघतो. आता कुठे ‘दहा मिनिटं रोज फक्त त्याच्यासोबत’, ‘सांगितलं ते पाळायचं, नसेल पाळायचं तर सांगायचंच नाही’ अशा गोष्टी रेणुकाच्या उपयोगी पडायला लागल्या. तेच सल्ले सहा महिने आधी निरर्थक होते. झोप सुधारली, मग अंथरूण कोरडं राहायला लागलं, मारामाऱ्या सगळ्यात शेवटी कमी झाल्या. बंद झालेल्या नाहीत.

अंबिकाबद्दल रेणुका तक्रार घेऊन आली: पोरगी उलट उत्तर देते, भांडी घासत नाही, मैत्रिणीकडे जाऊन बसते, चाचणीत गुण कमी पडले. कार्यकर्तीने ही नोंद ‘सुधारणा’ या सदरात लिहिली. डोकेदुखी थांबली होती. घरातली दुसरी बाई होऊन बसलेली मुलगी तेरा वर्षांची व्हायला लागली होती.

वडिलांच्या भेटी हा अजून न सुटलेला भाग आहे. सुरुवातीला ते मुलाला एकट्याला न्यायचे आणि आई कुठे जाते, कुणाशी बोलते, हे काढून घ्यायचे. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या यात्रेला, होम मैदानावर घेऊन गेले, पाळण्यात बसवलं, आणि परतताना आईचा फोन तपासून ये म्हणाले. नागेश घरी येऊन दिवसभर जेवला नाही. त्यानंतर भेट आत्याच्या घरी, तिच्यादेखत, असं न्यायालयाकडून ठरवून घेतलं. भेट मुलांना घातक वाटली तर दंडाधिकारी ती नाकारूही शकतात. पण इथे मुलांना बाप हवा होता आणि ते खोटं नव्हतं.

कार्यकर्ती वडिलांना एकदा वेगळं भेटली, त्यांनीच निरोप पाठवला म्हणून. रेणुकाशी समोरासमोर बसवा, हा त्यांचा आग्रह तिने मानला नाही. न्यायालयाच्या आदेशाने समुपदेशन होतं तेव्हाही मारहाणीचं समर्थन ऐकून घेऊ नये, असं याच कायद्याचे २००६ चे नियम सांगतात, आणि ते बोलत होते ते सगळं समर्थनच होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पालकांना बोलावण्याआधी शाळेने फक्त आईला, दुसऱ्या एखाद्या निमित्ताने, गाठायला हवं होतं. गणवेशाचं माप, शिष्यवृत्तीचा फॉर्म, काहीही चाललं असतं. दोन शाळांमध्ये विभागलेल्या भावंडांची माहिती कुणीतरी एकत्र पाहील अशी सोय आज नाही. इथे ती एका कार्यकर्तीच्या चौकसपणामुळे झाली.

अंबिकासाठी वेगळा वेळ फार उशिरा मिळाला, कारण तक्रार नागेशची होती आणि यंत्रणा तक्रारीमागे धावते. लागलेल्या हाताची दवाखान्यात नोंद सुरुवातीपासून करून घेतली असती, तर शाळेची कागदपत्रं न वापरताही अर्जाला बळ आलं असतं. आणि भेटींच्या अटी पहिल्याच अर्जात मागायला हव्या होत्या. अंतरिम आदेशाच्या घाईत तो मुद्दा राहून गेला, त्याची किंमत नागेशने दिली.

अंतिम आदेश अजून व्हायचा आहे. पुढच्या तारखेला पोटगीची थकबाकी आणि भेटींच्या अटी असे दोन मुद्दे आहेत. शाळेत भांडणांची वही अजून चालू आहे, मात्र ती आता नागेश पाचवीत गेल्यामुळे नव्या वर्गशिक्षकांकडे सोपवली आहे, आणि अंबिकाच्या हजेरीचा आढावा तिची शाळा दर महिन्याला कार्यकर्तीला कळवते.